हजार दिवस, मग दहा हजार दिवस: सामुराई पद्धतीने एखादी गोष्ट शिकायची तर

मियामोतो मुसाशी या सतराव्या शतकातल्या जपानी तलवारबाजाबद्दल एक गोष्ट रीलवाले कधी सांगत नाहीत. तेराव्या वर्षी पहिली झुंज, तिशीच्या आत साठाहून जास्त झुंजी आणि एकही हरला नाही, इथपर्यंत सगळे सांगतात, मागे ढोलाचं म्युझिक लावून. पुढचं मात्र त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. तिशी ओलांडल्यावर त्याने मागे वळून पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की आपण जिंकलो ते विद्या पूर्ण आली म्हणून नाही, अंगात उपजत काहीतरी असेल, दैव असेल, नाहीतर समोरचे कच्चे असतील. आणि मग हा न हरलेला माणूस पुढची वीसेक वर्षं सकाळ-संध्याकाळ सराव करत राहिला, पन्नाशीला कुठे त्याला वाटलं की हां, आता कळलं.

"समोरचे कच्चे असतील" हे स्वतःच्या विजयाबद्दल म्हणायला केवढी छाती लागते बघा. आपलं एक प्रेझेंटेशन बरं गेलं की आपण आठवडाभर हवेत असतो.

मी चाळिशीच्या तोंडावर तबला शिकायला लागले आणि साधारण त्याच सुमारास हे सगळं वाचायला लागले. रोज सकाळी टेरेसवर लाकडी तलवारही फिरवते, त्यावर बिल्डिंगमध्ये काय काय बोलतात ते मला माहितीये. खाली जे लिहिलंय ते तुम्ही गाणं, स्वयंपाक, कोडिंग, चित्रकला कशालाही लावू शकता, फक्त उदाहरणं माझी तबल्याची असतील कारण चुका मी तिथे केल्यात.

आधी कोणाचं ऐकायचं आणि किती ऐकायचं

सामुराई म्हटलं की आपल्याला रणांगण दिसतं. पण ही जी पुस्तकं लोक कोट करतात ती जवळपास सगळी लढाया संपल्यावरची आहेत. १६१५ ला ओसाकाचा किल्ला पडला, १६३८ ला शिमाबाराचं बंड मोडलं आणि त्यानंतर दोनशे वर्षांहून जास्त काळ जपानात मोठी लढाईच नाही. याग्यू मुनेनोरी हा शोगुनांचा, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशांचा तलवारगुरू, त्याचं पुस्तक १६३२ चं. मुसाशीने 'गो रिन नो शो' हे तलवारविद्येवरचं पुस्तक लिहायला घेतलं १६४३ ला, कुमामोतोजवळच्या रेइगांदो गुहेत, आणि १६४५ ला तो गेला. 'हागाकुरे' हे सामुराईंनी कसं वागावं याचं पुस्तक ज्याच्या तोंडचं आहे तो यामामोतो त्सुनेतोमो तर जन्मलाच १६५९ ला, आयुष्यात एक लढाई पाहिली नाही त्याने. त्या काळातले बहुतेक सामुराई पगारी माणसं होती, पगार तांदळात, मोजमाप कोकूमध्ये, एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर, माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ असं धरायचे. हिशेब, नोंदी, पहारा, मालकाची मर्जी. म्हणजे थोडक्यात नोकरी. मग कमरेला दोन तलवारी आहेत पण काढायची वेळच येत नाही, तर रोज करायचं काय? हा त्यांचा प्रश्न होता आणि तो आपल्या प्रश्नाच्या फार जवळचा आहे, म्हणून मला ही मंडळी उपयोगी वाटतात.

त्यातलं काय घ्यायचं नाही तेही आत्ताच सांगून टाकते. हागाकुरेतलं "सामुराईचा मार्ग म्हणजे मरण" हे वाक्य आणि मालकासाठी डोळे झाकून जीव द्यायची भाषा, ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तरुण पोरांना मरायला पाठवण्यासाठी वापरली गेली. तुमच्या बॉससाठी तर मुळीच वापरू नका. आणि ते 'बुशिदोचे (म्हणजे सामुराईच्या मार्गाचे) सात गुण' वालं पोस्टर, त्याच्यामागे बरंचसं नितोबे इनाझोचं पुस्तक आहे, १९०० साली आलेलं, मुळात इंग्रजीत, परदेशी वाचकांना जपान समजावून सांगायला लिहिलेलं. वाईट नाहीये ते, पण जुन्या सामुराईंची नियमावली म्हणून भिंतीवर लावू नका.

पहिली पायरी: एकच गोष्ट धरा आणि काय करणार नाही ते लिहा

मुसाशीने आपल्या मार्गाचे नऊ नियम दिलेत, त्यातला शेवटचा नियम म्हणजे निरुपयोगी काही करू नको. वाचायला सोपा, पाळायला महाभयंकर.

मी काय केलं ते सांगते. एका कागदावर गेल्या वर्षभरात "शिकायचंय" म्हणून सुरू केलेल्या सगळ्या गोष्टी लिहिल्या. अकरा निघाल्या. त्यात गिटारही होती, जी बेडखाली होती. तबला ठेवला, बाकी दहावर रेघ मारली, आणि रेघ मारताना जे वाईट वाटतं ना, ते वाटू द्यायचं, तो त्या कामाचाच भाग आहे. गिटार मी विकली नाही तर देऊन टाकली, कारण विकायला काढली की परत त्याचे फोटो, मेसेज, "लास्ट प्राइस?", तो एक नवीन छंद होतो.

मग दुसऱ्या बाजूला सरावाच्या वेळेत काय करणार नाही ते लिहा. माझ्या कागदावर तीन ओळी आहेत: फोन दुसऱ्या खोलीत, नवीन बोल यूट्यूबवर शोधायचे नाहीत, आज कसा वाजला हे कुणाला सांगायचं नाही. तिसरी सगळ्यात जड जाते.

गंमत म्हणजे त्याच नऊ नियमांत मुसाशी असंही म्हणतो की सगळ्या कला थोड्या थोड्या बघ, सगळ्यांचे धंदे समजून घे. तो स्वतः चित्रं काढायचा, वाळक्या फांदीवर बसलेल्या खाटीक पक्ष्याचं त्याचं शाईचं चित्र आजही जपलेलं आहे. मग एकच धर की सगळं बघ? मी याचा अर्थ असा घेते की बघ सगळं, हात एकावर ठेव. तो तलवारीबद्दल लिहिताना सुताराचं उदाहरण देतो, कुठलं लाकूड खांबाला, कुठलं दाराला, कुठलं गाठाळ म्हणून तात्पुरत्या परांचीला, आणि मोकळ्या वेळात सुतार काय करतो तर हत्यारांना धार लावतो. तुमच्या कामातली धार कोणती ते शोधा. माझ्याकडे ती तबल्याच्या कडेच्या गजऱ्याला हातोडी मारून सूर जुळवणं आहे. पाच मिनिटं लागतात आणि मी पहिले सहा महिने ती टाळत होते.

दुसरी पायरी: पाळा, मोडा, सोडा, याच क्रमाने

जपानी कलांमध्ये शु-हा-री म्हणतात. शु म्हणजे पाळणं, गुरूने दाखवलं तसंच्या तसं. हा म्हणजे मोडणं, स्वतःच्या हाताला जमेल तसं बदलून बघणं. री म्हणजे सोडणं, जिथे नियम आठवावाच लागत नाही. आपल्या सगळ्यांना 'री' मध्ये राहायला आवडतं आणि बहुतेक जण पहिल्या महिन्यातच 'हा' ला जाऊन पोचतात.

केंदोच्या, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या खेळाच्या वर्गात नवीन माणसाला सुबुरी देतात, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत वार. वर उचल, खाली आण, वर उचल, खाली आण. डावी मूठ दांड्याच्या टोकाशी, ताकद तिची, उजवा हात फक्त दिशा देतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट घट्ट, अंगठा आणि तर्जनी सैल, मुसाशीनेही पकड साधारण अशीच सांगितली आहे, आणि वार जिथे थांबतो तिथे दोन्ही मुठी ओलं फडकं पिळल्यासारख्या आत वळतात. हे ऐकायला एक मिनिट लागतं. मला उजव्या हाताची दादागिरी थांबवायला चार महिने लागले, आणि तोपर्यंत तलवार सरळ खाली येण्याऐवजी दर वेळी डावीकडे झुकायची, एकदा काकूंच्या वाळत घातलेल्या साडीला लागली.

तर करायचं असं की आपल्या विद्येतला सगळ्यात लहान संपूर्ण तुकडा निवडायचा. तबल्यात माझ्यासाठी तो दिल्लीचा कायदा (ठरलेल्या बोलांची रचना), धा धा ति ट धा धा तू ना. पलटे नाहीत, तिहाई नाही, वेग नाही. ठाय लयीत, सर हात ठेवतात तसाच हात. निदान तीन महिने त्यात काही घालायचं नाही. घालावंसं वाटेल, खूप वाटेल, आणि तुम्हाला वाटेल की आपल्याला एक वेगळी कल्पना सुचली आहे. ती तुमच्या आधी हजार जणांना सुचलेली असते.

मुसाशी म्हणतो मला कशातच गुरू नव्हता. म्हणलं असेल, तो मुसाशी होता. आपण गुरू शोधावा, आणि नसेलच मिळत तर एकाच माणसाचे व्हिडिओ धरावे, पाच जणांचे नाही.

तिसरी पायरी: मोजा, पण दिवस मोजा

मुसाशीचं एक वाक्य आहे, हजार दिवसांचा सराव म्हणजे तान, दहा हजार दिवसांचा म्हणजे रेन. दोन्ही जोडले की तानरेन, लोखंड तापवून ठोकून घडवतात त्याच्यावरून आलेला शब्द. हिशेब करा, हजार दिवस म्हणजे पावणेतीन वर्षं, दहा हजार म्हणजे सत्तावीस वर्षं आणि वर काही महिने. हे ऐकून काही लोक घाबरतात, मला उलट हायसं वाटलं. कारण पावणेतीन वर्षं मला जज करायचंच नाहीये की आपल्याला जमतंय का.

आणि ही नुसती जुनी बढाई नाहीये. आजही केंदोत आठव्या दानच्या (दान म्हणजे दर्जाची पायरी) परीक्षेला बसायला वय किमान ४६ लागतं, सातवं दान मिळून दहा वर्षं झालेली लागतात, आणि बसणाऱ्या शंभरातला एखादाच पास होतो. लोक दहा-दहा वेळा देतात. म्हातारे होऊन देतात.

माझी पद्धत अगदी गावठी आहे. स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे, त्यावर पेन्सिलने त्या दिवशीचा आकडा लिहायचा. दूधवाल्याच्या खुणा एका कोपऱ्यात, माझा आकडा दुसऱ्या. ॲप वापरून पाहिली, ती फार टाळ्या वाजवतात. किती मिनिटं ते लिहायचं नाही, कसं झालं ते लिहायचं नाही. दिवस धरायला किमान किती, ते मात्र आधीच ठरवायचं आणि इतकं कमी ठरवायचं की ताप असला तरी होईल: माझं दहा मिनिटं आणि पंचवीस वार. बरं असलं की तास होतो, पण आकडा तेवढाच वाढतो, एकाने.

चौथी पायरी: मन कुठे अडकतं ते पकडा

ही पायरी मोठी आहे कारण सगळा माल इथे आहे असं माझं मत.

ताकुआन सोहो नावाचे झेन भिक्षू होते, त्यांनी त्या याग्यू मुनेनोरीला एक लांबलचक पत्र लिहिलं. मुद्दा एकच: मन थांबलं की मेलास. समोरच्याच्या तलवारीवर मन थांबलं तर ती तुला कापेल, स्वतःच्या तलवारीवर थांबलं तरी कापेल. ते उदाहरण देतात हजार हातांच्या कान्नोनचं. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर, आपल्या अजिंठ्यातला पद्मपाणी तोच. हजार हात आहेत, एका हातात धनुष्य आहे, आणि मन त्या धनुष्याच्या हाताशी थांबलं तर उरलेले नऊशे नव्व्याण्णव बिनकामाचे. दुसरं उदाहरण झाडाचं, एका लाल पानाकडे बघत बसलास तर बाकीची पानं दिसतच नाहीत.

मला हे वाचून काही झालं नाही. सुंदर वगैरे वाटलं. झालं ते लहऱ्याबरोबर, म्हणजे तालाचं आवर्तन दाखवणाऱ्या सुरावटीबरोबर वाजवताना. माझं 'ति ट' कच्चं आहे, वेग जरा वाढला की बोटं अडखळतात. मी एकदा फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं तर लक्षात आलं की चूक 'ति ट' ला होतच नाहीये. ती होते त्याच्या आधीच्या 'धा' ला, तो धा किंचित लवकर पडतोय, कारण मन आधीच पुढच्या खड्ड्यापाशी जाऊन उभं आहे. आणि चूक झाल्यावर पुढची अर्धी ओळ पण जाते, कारण आता मन मागे राहिलंय, अरे परत चुकले. खड्डा एक, मी पडते तीनदा.

यावर करायचं काय, तर:

आठवड्यातून एकदाच रेकॉर्ड करा, रोज नको. ऐकताना चूक कुठे झाली ते लिहू नका, चुकीच्या आधी काय झालं ते लिहा. एकच जागा निवडा. आठवडाभर सराव त्या आधीच्या जागेचा करा, माझ्या बाबतीत त्या धा चा. आणि सरावात चुकलं तर हात थांबवायचा नाही, कसंही करून समेवर यायचं, तोंड वाकडं करायचं नाही, सॉरी म्हणायचं नाही. हे तोंड वाकडं न करणं स्वतंत्रपणे शिकावं लागतं, मी आरशासमोर बसून शिकले.

मुनेनोरी तर याच्याही पुढे जातो. तो म्हणतो जिंकायचंच ही इच्छा हा आजार, आपली विद्या दाखवायची ही इच्छा आजार, आणि मला आता सगळे आजार घालवायचेत हा ध्यास, तोही आजारच. ही शेवटची ओळ वाचून मी खरंच हसले, कारण तोपर्यंत माझी 'मन अडकू द्यायचं नाही' यावर वही भरत आली होती. वही बंद केली. एका वेळी एक जागा, बस.

पाचवी: वार झाल्यावरचं

केंदोत नेमका वार बसला, आवाज झाला, पंचांनी झेंडे वर केले आणि त्या माणसाने आनंदाने मूठ हवेत उडवली, तर पॉइंट काढून घेऊ शकतात. झानशिन नाही म्हणून. झानशिन म्हणजे वार झाल्यावरही मागे उरलेलं भान, वळून परत तयार उभं राहणं. क्रिकेट बघत मोठं झालेल्या माणसाला हे पचायला जड जातं, मान्य.

घरी याचा उपयोग साधा आहे. सराव संपला की ताडकन उठून फोनकडे जायचं नाही. दोन मिनिटं. मी तबल्यावरची पावडर पुसते, गवसणी घालते, उद्या कुठून सुरू करायचं ते एक ओळ लिहिते. बस एवढंच, पण दुसऱ्या दिवशी बसल्यावर "आज काय करू" मध्ये जाणारी पंधरा मिनिटं वाचतात. स्वयंपाक शिकत असाल तर ओटा पुसणं, कोड लिहीत असाल तर उद्यासाठी एक कॉमेंट.

सहावी: सात श्वास

हागाकुरेत जुन्या लोकांचं म्हणून एक सांगणं येतं, निर्णय सात श्वासांत घ्यावा, विचार फार दिवस ठेवला की नासतो. सगळ्या निर्णयांना हे लावू नका, घर घेताना तर अजिबात नको. पण सरावातले जे फालतू निर्णय असतात, आज करू का उद्या, आधी कुठला कायदा, पाऊस आहे तर टेरेसवर जाऊ का, यांना लावा. खरोखर मोजून सात श्वास, सातव्याला उठायचं. माझं बहुतेक वेळा चौथ्याला होतं कारण बसून श्वास मोजणं फार बोअर आहे.

पावसावरून आठवलं, त्याच पुस्तकात आहे की अचानक पाऊस आला की लोक पळतात, वळचणीखालून जातात आणि तरी भिजतातच, त्यापेक्षा सुरुवातीलाच भिजायचं ठरवलं तर भिजणं तेच पण त्रास नाही. हे जुलैत छत्री उलटी झालेल्या कोणालाही वेगळं सांगायला नको. मी ते बोअर होण्याला लावते. तोच कायदा दोनशेव्यांदा वाजवताना कंटाळा येणारच आहे, तर तो बाजूला येऊन बसला की जरा सरकून जागा द्यायची.

बघायला शिका

मुसाशी दोन नजरा सांगतो, केन आणि कान. केन म्हणजे डोळ्याला दिसतं ते, कान म्हणजे आरपार समजून घेणारी नजर, आणि कान तगडी ठेव, केन हलकी. याचा सराव म्हणजे मितोरी-गेइको, बाजूला बसून दुसऱ्याचा सराव बघणं, केंदोत दुखापत झालेल्यालाही घरी पाठवत नाहीत, बघायला बसवतात. केइको हा सरावासाठीचा जपानी शब्द, त्यातल्या अक्षरांचा अर्थच जुन्याचा विचार करणं असा होतो.

महिन्यातून एकदा मैफिलीला जा आणि तबलजीचे हात बघू नका. खांदे बघा, समेच्या आधी तो श्वास कधी घेतो ते बघा. मी सहा महिने बोटं बघत होते आणि काही कळलं नव्हतं, मग एका कार्यक्रमात खांबामागची सीट मिळाली, बोटं दिसेनात, आणि त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं की त्या माणसाचे खांदे संपूर्ण द्रुत लयीत हलले नाहीत. माझे तर कानाला लागलेले असतात.

खाडा झाला तर

होणारच. हागाकुरे लिहून घेणाऱ्याला त्सुनेतोमोने सांगितलं होतं की हे सगळे अकरा खंड जाळून टाक, त्याने जाळले नाहीत म्हणून आपण वाचतोय, म्हणजे गुरूचं सगळंच पाळलं जातं असं नाही.

माझा नियम असा की खाडा झाला तर आकडा शून्यावर आणायचा नाही आणि भरूनही काढायचा नाही. दुसऱ्या दिवशी दुप्पट वगैरे नाही, त्याने मनगट जातं, माझं गेलं होतं, तीन आठवडे पट्टी. कॅलेंडरवर तो चौकोन कोरा सोडायचा आणि पुढच्या दिवशी पुढचा आकडा. गेल्या श्रावणात माझे ओळीने नऊ चौकोन कोरे आहेत, सासूबाई हॉस्पिटलमध्ये होत्या. दहाव्या चौकोनात ४१२ लिहिलंय, अक्षर जरा वाकडं आलंय, आणि त्या दिवशीचे वार फक्त पंचवीस.